गवत-पाय, पेंढा-पाय

मराठी भाषेत एक गंमत आहे आणि ती रोज इतकी डोळ्यांसमोर असते, की कुणाला दिसत नाही. सरहद्दीवर बंदूक घेऊन उभा राहतो तो शिपाई, आणि कचेरीत साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसतो तोही शिपाईच. एकाला आपण हार घालतो, दुसऱ्याला चहा आणायला पाठवतो. फारसीतला सिपाही आपल्याकडे येऊन शिपाई झाला, इंग्रजांच्या तोंडी त्याचा सिपॉय झाला, हे सगळं ठीक आहे. पण दोन इतक्या वेगळ्या माणसांना एकच शब्द लावताना भाषेच्या मनात काहीतरी असणारच. मला वाटतं, तिला या दोघांचं खरं काम कळलं होतं. हुकूम आला की उठायचं, कारण विचारायचं नाही, आणि वरच्याचं काही बिनसलं की बोलणी आपण खायची.

लष्करी जीवनावरचे जुने विनोदी चित्रपट पाहताना मला भाषेचा हा शहाणपणा नेहमी आठवतो. आमच्या सौभाग्यवतींच्या मते हे सगळे चित्रपट म्हणजे निव्वळ पडापडी. "एक जाड्या, एक रोडक्या, दोघेही चिखलात पडतात, यात पाहायचंय काय?" असा त्यांचा सवाल असतो. सवाल बिनतोड आहे. जाड्या पडतो, रोडक्या पडतो, दोघेही चिखलात पडतात. पण त्यांना चिखलात कोण पाठवतो, आणि पाठवणारा स्वतः का पडत नाही, हे पाहायला लागलं की गंमत वेगळीच होते. पोटात आधीच हसू असतं. त्याच्या मागून हळूच एक प्रश्न आत शिरतो. भिक्षेकऱ्यासाठी दार उघडावं आणि त्याच्या मागून विमा एजंट घरात यावा, तसं.

मुळात विनोदाला एक सरळ रेष लागते. ती असल्याशिवाय मोडणार काय? आणि लष्कराइतकी सरळ रेष दुसरीकडे कुठे मिळणार! आपल्या बसच्या रांगेत कुणी वाकडं उभं राहिलं तर तो विनोद होत नाही, तो रिवाज असतो. पण दोनशे माणसं एकदम उजवीकडे वळली आणि दोनशेएकावा डावीकडे वळला, की जगातला कुठलाही माणूस हसतो.

या डाव्या-उजव्याचा एक जुना किस्सा आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांची पोरं भरती झाली. त्यातल्या कित्येकांना डावा पाय कुठला आणि उजवा कुठला हे पटकन सांगता येईना. कवायत शिकवणारे सार्जंट टेकीला आले. शेवटी त्यांनी पोरांच्या एका पायाला वाळलेलं गवत बांधलं आणि दुसऱ्याला पेंढा. मग 'डावा-उजवा' ऐवजी 'गवत-पाय, पेंढा-पाय' असा पुकारा सुरू झाला, आणि पलटण झोकात चालू लागली.

हा किस्सा बहुतेक वेळा शेतकऱ्यांना हसण्यासाठी सांगतात. पण जरा थांबून पाहा. गवत आणि पेंढा यातला फरक त्या पोराला झोपेतही कळत होता, आणि ढोरांना दोन्हींतलं काय घालायचं हे शहरी सार्जंटाला जन्मात सांगता आलं नसतं. मग अडाणी कोण? ज्याच्या हातात शिटी आहे तो ठरवेल तो. लष्करी विनोदाची सगळी मेख इथे आहे. त्यात वरवर हसं होतं ते बावळट रंगरुटाचं; पण चित्रपट चांगला असेल तर शेवटी हसं होतं शिटीचं.

या घराण्यातला मूळपुरुष म्हणजे चार्ली चॅप्लिनचा 'शोल्डर आर्म्स'. तो पडद्यावर आला २० ऑक्टोबर १९१८ ला. पहिलं महायुद्ध थांबलं ११ नोव्हेंबरला. म्हणजे खंदकात माणसं मरत होती, घरोघरी तारा येत होत्या, आणि हा गृहस्थ खंदकावर विनोद करत होता. हितचिंतकांनी त्याला बजावलं होतं की या भानगडीत पडू नकोस. त्यात तो स्वतः लढायला गेला नाही म्हणून इंग्लंडात त्याच्यावर टीकेची झोड उठलेली. भेकडपणाची खूण म्हणून पांढरी पिसं त्याला पोस्टानं येत. वास्तविक त्याच वर्षी मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांच्याबरोबर गावोगाव हिंडून त्यानं युद्धकर्जाचे रोखे खपवले होते. पण पिसं पाठवणाऱ्यांना हिशेब दाखवून उपयोग नसतो. त्यांच्याकडे कोंबड्या पुष्कळ असतात.

चित्रपटात चार्ली रंगरूट आहे. पाय जन्मजात फाकलेले, त्यामुळे कवायतीत त्याचे दोन्ही पाय दोन वेगवेगळ्या पलटणींत असल्यासारखे चालतात. पुढे तो फ्रान्समधल्या खंदकात येतो. पाऊस पडून खंदकात तळं झालेलं, झोपायची जागा पाण्याखाली. चार्ली शांतपणे पाण्याखाली आडवा होतो आणि ग्रामोफोनचा कर्णा तोंडाला लावून श्वास घेतो. डोक्यावरून गोळ्या जातात, तर बाटली वर धरून तिचं तोंड गोळीनं उडवून घेतो आणि सिगारेटही गोळीवरच पेटवतो. एकदाचं घरून पार्सल येतं, त्यात निघतं लिंबर्गर चीज. त्याचा वास असा, की चार्ली आधी विषारी वायूचा मुखवटा चढवतो आणि मग ते चीज शत्रूच्या खंदकात भिरकावून देतो. आता यात समाजावर टीका कुठली, असं कुणी म्हणेल. तर त्या वेळी वर्तमानपत्रांतून खंदकाचं जे वर्णन येई, त्यात शौर्य असे, ध्वज असे, मातृभूमी असे. पाणी नसे. बिछाना पाण्याखाली असतो, ही बातमी जगाला विनोदी चित्रपटानं दिली आणि कुणालाही ती गाळावीशी वाटली नाही, कारण सगळे हसत होते.

त्यातले दोन प्रसंग मला फार मोलाचे वाटतात. एकात टपाल येतं. सगळ्यांना पत्रं, चार्लीला नाही. मग तो पहाऱ्यावरच्या एका सोबत्याच्या मागे उभा राहतो आणि खांद्यावरून त्याचं पत्र वाचू लागतो. वाचता वाचता त्याचा चेहरा त्या सोबत्याच्या चेहऱ्याबरोबर हसतो, काळजीत पडतो, पुन्हा खुलतो. दुसऱ्याच्या घरची खुशाली तो उसनी घेतो. अखेर सोबत्याच्या लक्षात येतं आणि तो रागानं दूर होतो.

आमच्या वाड्यात एक निवृत्त सुभेदारकाका राहत. गणेशोत्सवात मंडळानं चौकात पडदा लावून हा चित्रपट दाखवला तेव्हा आम्ही पोरं कर्ण्याला हसलो, चीजला हसलो, झाडाचं सोंग घेऊन चार्ली जर्मनांना बडवतो तेव्हा तर सतरंजीवर लोळलो. सुभेदारकाका खुर्चीत ताठ बसून होते. पत्राचा प्रसंग आला तेव्हा मात्र ते एकटेच मोठ्यानं हसले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "काका, यात काय एवढं हसण्यासारखं?" आमच्यातल्या एका आगाऊ पोरानं विचारलं. काका म्हणाले, "अरे, आमच्या तुकडीत एकाला पत्र आलं की ते आठ जण वाचायचे. नवव्याला ते पाठ असायचं." एवढं बोलून ते उठून गेले.

दुसरा प्रसंग कैद्यांचा. चार्ली एकटा तेरा जर्मन पकडून आणतो. कसे पकडलेस म्हणून विचारलं, तर मी त्यांना घेरलं, असं तो खुणेनं सांगतो. या कैद्यांना तो सिगारेटी वाटतो. साधे सैनिक घेतात. त्यांचा बुटका अधिकारी मात्र ती तुच्छतेनं फेकून देतो. तेव्हा चार्ली त्या अधिकाऱ्याला गुडघ्यावर पालथा घालून, मास्तर पोराला देतो तसे फटके देतो. आणि टाळ्या कोण वाजवतात? त्याचेच जर्मन सैनिक! शत्रू कोण आणि आपला कोण, या सरकारी विभागणीला एका फटक्यात आडवी रेघ मारली. खाली उभ्या असलेल्या दोन्हीकडच्या माणसांचं दुखणं एकच होतं, हे १९१८ साली भाषणातून सांगितलं असतं तर तुरुंग दाखवला असता. चॅप्लिननं ते पार्श्वभागावर सांगितलं आणि तिकिटं लावली.

बस्टर कीटनची तऱ्हा निराळी. हा माणूस कधीच हसत नाही. पहिल्या महायुद्धात तो स्वतः फ्रान्सला जाऊन आला होता आणि तिथून कान अधू करून घेऊन आला होता. त्याचा 'द जनरल' १९२६ चा. यातला जनरल म्हणजे सेनापती नव्हे, आगगाडीचं इंजिन आहे. यादवी युद्ध सुरू होतं, सगळे भरतीला धावतात, इंजिन-ड्रायव्हर असलेला नायकही रांगेत उभा राहतो. त्याला परत पाठवतात. कारण? ड्रायव्हर म्हणून तो जास्त उपयोगाचा आहे. पण हे कारण त्याला कुणी सांगत नाही! बिचाऱ्याला वाटतं आपली उंची कमी पडली. प्रेयसीला वाटतं हा भेकड निघाला. आणि खरं काय ते फक्त टेबलामागच्या कारकुनाला ठाऊक. ज्यानं कुठल्याही सरकारी खिडकीवर अर्ज देऊन तो 'नामंजूर' या एका शब्दानिशी परत घेतला आहे, त्याला या प्रसंगाची टीप लिहून द्यायला नको. शेवटी नायकाला लेफ्टनंट करतात. प्रेयसी जवळ येते, चुंबन घ्यावं तर समोरून छावणीतले सैनिक जाऊ लागतात, आणि प्रत्येकाच्या सलामाला सलाम करणं भाग. मोठा हुद्दा मिळाला की स्वतःच्या बायकोला वेळ देता येत नाही, हे तत्त्व इतक्या थोडक्यात कुणी मांडलेलं नाही. कीटन तिची बाजू बदलतो, डावा हात तिच्या गळ्यात टाकतो आणि उजव्यानं न बघता सलाम ठोकत राहतो.

मात्र हेही सांगायला हवं, की हा नायक दक्षिणेकडचा. १८६२ साली उत्तरेच्या हेरांनी खरोखरच हे इंजिन पळवलं होतं आणि पकडले गेल्यावर त्यांतल्या आठ जणांना फाशी झाली होती. कीटननं गोष्ट उलट बाजूनं सांगितली. दक्षिण ज्या गुलामगिरीसाठी लढली, तिचं नावही चित्रपटात येत नाही. विनोद पुष्कळ काही सांगून जातो, तसं पुष्कळ काही गालिच्याखाली सरकवूनही जातो. आपण दोन्हींकडे पाहावं.

आता जाड्या-रोडक्या. लॉरेल आणि हार्डी ही दोन माणसं सैन्यात इतक्या वेळा भरती झाली, की त्यांना पेन्शन सुरू व्हायला हरकत नव्हती. त्यांचा 'ब्लॉकहेड्स' १९३८ चा. महायुद्धात हल्ल्याला निघताना वरिष्ठ लॉरेलला सांगतात, तू इथेच थांब आणि खंदकाचा पहारा कर. पलटण जाते. युद्ध संपतं. जगात तह होतात, मोडतात. लॉरेलला सांगायला कुणी येत नाही. वीस वर्षं तो पहारा करतोय! येरझारा घालून घालून जमिनीत चर पडलाय आणि खाऊन टाकलेल्या डब्यांचा शेजारी डोंगर झालाय. अखेर एका विमानावर तो गोळी झाडतो, तेव्हा तो वैमानिक त्याला सांगतो की बाबा, लढाई केव्हाच संपली.

केवढी ही अतिशयोक्ती, नाही? पण १९७४ च्या मार्च महिन्यात फिलिपिन्समधल्या लुबांग बेटाच्या जंगलातून हिरू ओनोदा नावाचा एक जपानी लेफ्टनंट बाहेर आला. दुसरं महायुद्ध संपून २८ वर्षं होऊन गेली होती. माझ्या वरिष्ठाचा हुकूम आल्याशिवाय मी हलणार नाही, असं त्याचं म्हणणं. तेव्हा त्याच्या जुन्या मेजरला शोधून काढून तिथे नेण्यात आलं. मेजरसाहेब दरम्यान पुस्तकविक्रेते झाले होते! त्यांनी हुकूम वाचून दाखवला, तेव्हा कुठे यानं बंदूक खाली ठेवली. फरक एवढाच, की लॉरेलच्या पहाऱ्यात फक्त डबे रिकामे झाले. ओनोदाच्या २९ वर्षांत त्या बेटावरची निरपराध माणसं मेली. आज्ञाधारकपणाला 'थांब' म्हणणारा कुणी नसेल तर तो विनोदात कुठवर जातो आणि विनोदाबाहेर कुठवर जातो, याची ही दोन टोकं.

शिवाय लॉरेलला विसरले होते, यात त्या काळच्या अमेरिकन प्रेक्षकाला जराही नवल वाटलं नसणार. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना सरकारनं १९२४ साली बोनसचे कागद दिले होते; पैसे मिळणार होते १९४५ मध्ये. मध्येच मंदी आली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकापोरांसह वॉशिंग्टनला येऊन झोपड्या बांधून बसले. म्हणाले, आमचे पैसे आत्ता द्या, १९४५ पर्यंत आम्ही जगणार कशावर? सरकारनं जुलैच्या अखेरीला त्यांच्यावर घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर सोडला. सैन्याचे प्रमुख होते जनरल मॅकार्थर. त्याच वर्षी लॉरेल-हार्डीचा 'पॅक अप युवर ट्रबल्स' आला. त्यात युद्धावरून परतलेले हे दोघे मेलेल्या मित्राच्या पोरक्या मुलीसाठी तिचे आजी-आजोबा शोधत वणवण फिरतात. पत्ता माहीत नाही, आडनाव तेवढं ठाऊक, आणि आडनाव आहे स्मिथ! पुण्यात जोशी शोधत हिंडण्यासारखंच. प्रेक्षक हसले. पण दारोदार फिरणारा माजी सैनिक त्यांना बाहेर पडल्यावर थिएटरच्या फुटपाथवरही दिसत होता.

१९४० च्या सप्टेंबरात अमेरिकेत शांतता असतानाच सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, आणि चार महिन्यांत, जानेवारी १९४१ ला, अॅबट आणि कॉस्टेलो यांचा 'बक प्रायव्हेट्स' आला. पोलीस मागे लागतो म्हणून हे दोघे एका थिएटरात घुसतात. ते निघतं भरतीचं केंद्र. तिथेच एक लक्षाधीशाचा मुलगाही येतो आणि त्याचा नोकरही. कालपर्यंत एक मालक होता, दुसरा चाकर. आज दोघांचे बिछाने शेजारी-शेजारी. सैन्यात सगळे सारखे, हा चित्रपटाचा संदेश. छानच आहे. आमच्या पिढीनंही तो अनुभवला. १९६३ पासून काही वर्षं कॉलेजात कवायत सक्तीची होती. बूट दोनच मापांत येत, एक मोठं आणि एक त्याहून मोठं. कारखानदाराचा मुलगा आणि कारकुनाचा मुलगा सारखेच लंगडत. समता म्हणतात ती हीच. फक्त परेड संपल्यावर एक मोटारीतून घरी जाई आणि दुसरा ते बूट हातात घेऊन.

'बक प्रायव्हेट्स' मधल्या समतेलाही असंच एक भोक होतं. त्या वेळी अमेरिकन सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. लक्षाधीश आणि नोकर एका तंबूत झोपू शकत होते, कारण दोघेही गोरे होते. ही फारकत मोडण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो १९४८ साली. सात वर्षांनी टेलिव्हिजनवर सार्जंट बिल्को आला. त्याच्या तुकडीत गोरे-काळे एकत्र दिसू लागले, तेही त्याबद्दल एक अक्षर भाषण न करता. त्याच मालिकेत १९५६ साली एक अजरामर भाग झाला. रंगरूट भराभर भरती करण्याचा विक्रम करायचा म्हणून अधिकारी घाई करतात, आणि त्या रांगेत एक चिंपांझी शिरतो. कुणी मान वर करून पाहत नाही. "हरी अप, स्पीक अप!" असं त्याच्यावर कुणी ओरडतं, तेच त्याचं नाव म्हणून लिहिलं जातं. माकड रीतसर सैनिक होतं! आता त्याला काढायचं कसं? कागदावर तर सगळं बरोबर आहे. शेवटी त्याच्यावर लष्करी खटला भरावा लागतो. कागद बरोबर असला की समोर माणूस आहे की माकड हे पाहायचं नसतं, हा धडा फक्त लष्करासाठी होता असं ज्याला वाटतं, त्यानं आपलं नाव रेशनकार्डावर कसं छापलंय ते एकदा काढून पाहावं.

इंग्रजांचा विनोद मात्र नेहमी एकाच खड्ड्याभोवती फिरतो: कोण कुठल्या घराण्यातला, कोण कुठल्या शाळेतला. १४ मे १९४० ला युद्धमंत्री ईडन यांनी रेडिओवरून हाक दिली, आणि जे वयामुळे किंवा नोकरीमुळे सैन्यात नव्हते असे दहा लाखांहून अधिक लोक काही आठवड्यांत 'होम गार्ड' झाले. बंदुका नव्हत्या. पुढे १९४१ मध्ये तर सरकारनं लोखंडी नळ्यांना संगिनी जोडून अडीच लाख भाले बनवायला सांगितले. विसाव्या शतकात, विमानांविरुद्ध, भाले! या होम गार्डवर बीबीसीनं १९६८ ते १९७७ या काळात ८० भागांची 'डॅड्स आर्मी' दाखवली. तिचा कॅप्टन मेनवेरिंग हा गावातल्या बँकेचा मॅनेजर. त्याचा हेडक्लार्क विल्सन हा पलटणीतही त्याच्या हाताखाली सार्जंट. पण विल्सन जन्मानं खानदानी, उंची शाळेत शिकलेला, आणि मॅनेजर स्वतःच्या हिमतीवर वर आलेला. हुद्दा एकाकडे, आब दुसऱ्याकडे. विल्सनला वारशानं एक पदवी मिळते, आणि मॅनेजरला वर्षानुवर्षं हुलकावणी देणारा गोल्फ क्लब विल्सनला लगेच आत घेतो, तेव्हा मेनवेरिंगचा जो चेहरा होतो, तो पाहून आपल्या मध्यमवर्गानं परदेशी मालिका पाहतोय हे विसरून जावं. असा चेहरा आपल्या प्रत्येक कचेरीत एक तरी असतो. पण जर्मन खरोखर आले असते, तर हा ठेंगणा, तुसडा, मानी मॅनेजर भाला घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहिला असता, याबद्दल मालिका आपल्या मनात शंका ठेवत नाही. त्याला हसता हसता आपण त्याचा मान ठेवू लागतो.

ही मालिका लिहिणाऱ्या जोडीपैकी जिमी पेरी हे युद्धाच्या अखेरीला आपल्या नाशिकजवळच्या देवळालीला होते, तोफखान्याच्या करमणूक पथकात. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द म्हणजे आपली देवळालीच. मुदत संपलेले गोरे सैनिक तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत. बोटी वर्षातले काही महिनेच सुटत. बाकीचे महिने उन्हात रिकामं बसायचं. बसून बसून माणसं भ्रमिष्ट होत. मूळ शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. मराठी माणसानं इंग्रजी शब्दकोशाला दिलेला हा ताप अजून उतरलेला नाही.

पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी या अनुभवावर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका लिहिली. १९७४ ते १९८१ पर्यंत ती चालली. देवळाली अर्थातच इंग्लंडात उभारलेली. हमाल रंगी राम स्वतःला इंग्रज समजतो आणि 'आपण ब्रिटिश' अशी भाषा करतो. ती भूमिका केली एका गोऱ्या नटानं, तोंडाला रंग लावून. म्हणून आता बीबीसी ती मालिका पुन्हा दाखवत नाही. त्यात साहेबांची टर पुष्कळ उडते. परंतु पंखेवाला आणि चहावाला जे पाहतात, ते पाहायला कॅमेरा क्वचितच त्यांच्याजवळ थांबतो.

लष्करी विनोदात खानावळीतल्या वाईट जेवणाचा विनोद हमखास असतो. गोष्ट देवळालीची आहे १९४५ ची. तिथून मुंबई चार-पाच तासांवर. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या केंद्रात हिंदी खलाशांनी निकृष्ट जेवण नाकारलं. जेवणाच्या मागे अपमान होता, अपमानाच्या मागे गुलामी. बघता बघता संप ७८ जहाजांवर पोचला. मुंबईकरांनी खलाशांना खायला नेऊन दिलं. तोच डाळीचा विनोद, पण या वेळी कुणी हसलं नाही, म्हणून त्याचा इतिहास झाला.

मग आपल्या सैनिकाचा विनोद कुठे गेला? पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले. पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात अडकल्या; एप्रिल १९१६ मध्ये तिथे शरणागती झाली. त्यांच्यावर कुणी 'शोल्डर आर्म्स' काढला नाही. पण फ्रान्समधून हिंदी सैनिक जी पत्रं पाठवत, ती फोडून वाचायला सरकारनं खास सेन्सॉर नेमला होता. त्यामुळे त्यांतले उतारे टिकले. सैनिकांना हे ठाऊक होतं. मग ते घरी मसाल्याच्या भाषेत लिहीत. काळी मिरी म्हणजे आपली पलटण, लाल मिरची म्हणजे गोऱ्यांची. काळी मिरी फार वापरली जातेय, आता संपत आली, अशा अर्थाचं लिहायचं. वाचणाऱ्यानं समजून घ्यावं की माणसं मरताहेत, धाकट्याला भरतीला पाठवू नका. सेन्सॉरलाही ते कळत होतं. त्यानं ते नोंदूनही ठेवलं. चार्लीच्या खांद्यावरून वाचण्यात आणि या वाचण्यात काय फरक आहे, तो वाचकांनीच ठरवावा.

विनोदात लपवलेली समाजटीका म्हणतात ती ही. ती करायला पडदा लागत नाही, कॅमेरा लागत नाही. एक मिरी पुरते. सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत अजून एक पांढरी फरशी भिंतीत बसवलेली दिसते. त्या महायुद्धात या गावातून किती जण गेले आणि किती मेले, एवढंच तिच्यावर कोरलेलं असतं. आकडे आहेत, नावं नाहीत. चॅप्लिनच्या सैनिकालाही त्या चित्रपटात नाव नाही, गळ्यात १३ नंबर आहे. पण त्याचे ओले पाय, त्याची पत्राची भूक, त्याचे फटके सगळं जग ओळखतं. आपल्या फरशीवरच्या आकड्यांपैकी डावा-उजवा कुणाचा चुकत होता, कुणाच्या बुटात पाणी शिरलं होतं आणि कुणाचं पत्र आठ जणांना पाठ होतं, हे सांगणारा कुणी भेटला असता, तर त्या माणसांना आपण मनसोक्त हसलो असतो. आणि नावानं ओळखलंही असतं.